रेडिएटरमधलं शिळं पाणी

माझ्या दोन्ही नातवंडांनो,

परवा व्हिडिओ कॉलवर तुमचा बाबा मला बजावत होता, की बॉयलर काढून हीट पंप बसवायला जी माणसं येणार आहेत त्यांना आधीच सांगून ठेव, आपली सिस्टिम एकदा पॉवर फ्लश केलेली आहे. त्यावर तुम्ही दोघं इतकी हसलात की धाकटीच्या तोंडातलं दूध टेबलावर आलं. फ्लश हा शब्द तुम्हाला एकाच ठिकाणचा माहीत आहे. मग बाबाने तुम्हाला ती गोष्ट तीन वाक्यांत सांगितली आणि तिन्ही वाक्यं चुकीची सांगितली. तो तेव्हा घरात नव्हता. रीडिंग नावाच्या गावी नोकरी करत होता आणि रविवारी जेवायला येत असे. घरात मी होते. माणसं पुढच्या महिन्यात येतील आणि पाइप उघडतील. त्यानंतर दाखवण्यासारखं काही राहणार नाही, म्हणून आत्ताच क्रमाने लिहिते आहे. बाबा वाचून दाखवेल. वाचताना त्याने मध्ये स्वतःचं काही घालू नये.

तुमच्याकडे मेलबर्नमध्ये छताच्या जाळीतून गरम वारा येतो, तेव्हा आधी हे सांगायला हवं. आमच्या लंडनमधल्या पिनरच्या घरात स्वयंपाकघरात बॉयलर आहे. तो पाणी तापवतो. ते पाणी फळ्यांच्या जमिनीखालच्या पाइपांतून प्रत्येक खोलीतल्या रेडिएटरमध्ये जातं, तिथे आपली ऊब सोडतं आणि गार होऊन बॉयलरकडे परत येतं. रेडिएटर म्हणजे खिडकीखाली टांगलेला पोकळ लोखंडी पत्रा. नळाला येतं ते पाणी वेगळं. हे पाणी आतल्या आत असतं. ते कोणी पीत नाही, त्याने कोणी हात धूत नाही. तेच पाणी वर्षानुवर्षं घरात फिरत राहतं. निदान फिरायला हवं.

पणजोबा गेले त्या वर्षी, ऑक्टोबरात, पणजी आमच्याकडे आल्या. पणजी म्हणजे तुमच्या आजोबांची आई, माझ्या सासूबाई. त्यांची ऐंशी उलटली होती. पुण्यातलं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि शेजारचे लोक घर विकून मुलाकडे गेलेले. आजोबा एकुलते एक. त्यांनी खटपट करून आईसाठी कायमचा व्हिसा मिळवला. पणजींनी व्हिसा घेतला आणि परतीचं तिकीटही काढायला लावलं, जानेवारी अखेरचं.

"बघते," म्हणाल्या. "मानवलं तर राहीन. नाही तर माझं घर आहे मला."

आजोबांना त्यांनी राहायला हवं होतं. रात्री आई जिना उतरताना पडली तर कोणाला कळणार, हे ते मला रोज सांगत. आईला मात्र सांगत नसत. आमच्या घरात 'राहा' असं कोणी कोणाला म्हणत नाही. चहा झाला का, एवढं विचारतात आणि त्यात सगळं आलं असं समजतात.

जिना नको म्हणून पणजींना खालची मागची खोली दिली. बागेकडे खिडकी, शेजारी बाथरूम, कोपऱ्यात त्यांचे देव. खोली उत्तम होती. फक्त तिथला रेडिएटर तापत नसे. वरची एक वीतभर पट्टी गरम, त्याखाली सगळा गार.

"अरे, हे तुझं यंत्र," पणजी आजोबांना म्हणाल्या, "डोक्याला ताप आणि पायांत जीव नाही. याला डॉक्टरला दाखव."

"आई, तापेल. वेळ लागतो त्याला."

"किती? मी ऐंशीच्या पुढे आहे."

पणजी दोन स्वेटर, शाल आणि पणजोबांची माकडटोपी घालून बसत. आम्ही विजेचा हीटर आणून दिला, तर त्याने नाकात कोरड पडते म्हणून त्यांनी तो पांघरुणाखाली झाकून ठेवला. तो बंद होता हे नशीब. ऊब मोजायची त्यांची पद्धत वेगळी होती. रेडिएटरवर परकर वाळत घालायचा आणि किती वेळात वाळतो ते पाहायचं.

"पुण्यात सकाळी टाकला की दुपारी घडी," त्या मला म्हणाल्या. "इथे मंगळवारचा परकर शुक्रवारी मला विचारतो, बाई, अजून आहात का?"

डिसेंबरात त्यांनी बॅग पलंगाखालून काढून भिंतीशी उभी केली. आजोबा त्या बॅगेला वळसा घालून खोलीत जात आणि वळसा घालून बाहेर येत.

आता रेडिएटर का तापत नव्हता ते सांगते. त्यासाठी मागे जावं लागेल.

पणजी पहिल्यांदा इथे आल्या तेव्हा तुमचा बाबा शाळेत होता. पाहुण्या म्हणून आल्या होत्या, पणजोबांबरोबर, उन्हाळ्यात. आजोबांनी त्यांना मोठ्या हौसेने सगळं घर दाखवलं आणि सेंट्रल हीटिंग समजावून सांगितलं. पणजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"म्हणजे पाणी तेच?"

"तेच, आई. पुन्हा पुन्हा."

"शिळं?"

पणजींच्या घरी रोज सकाळी पिंप, कळशी, तांब्या, सगळं रिकामं करून घासून ताजं पाणी भरत. कालचं पाणी झाडांना. पाहुण्याला शिळं पाणी देणं म्हणजे शिळी पोळी वाढण्यासारखं. हे मीही त्यांच्याकडे केलेलं आहे. त्यात मला काही चुकीचं वाटत नाही, पिण्याच्या पाण्याच्या बाबतीत. पण पणजींच्या मते पाणी ते पाणी, आणि घरात भिंतीभिंतीला वर्षाचं शिळं पाणी टांगून दिवाळी करायची ही कल्पना त्यांना सहन झाली नाही. "निदान दिवाळीच्या साफसफाईला तरी बदलत जा," त्या म्हणाल्या आणि पुण्याला गेल्या.

आजोबा बदलत गेले. दरवर्षी दिवाळीच्या आधीच्या शनिवारी ते बॉयलर बंद करत, खालच्या तोटीला बागेची नळी लावत, सगळं पाणी बाहेर सोडत आणि ताजं भरत. मग पुण्याला फोन करत आणि फराळाच्या चौकशीबरोबर तेही सांगत. पणजी "शाबास" म्हणत. चाळिशीतल्या आणि पुढे पन्नाशीतल्या अकाउंटंटला शाबास म्हणणारं दुसरं कोणी नव्हतं.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवत असे. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की काय होतं हे मी अकरा वर्षांच्या मुलांना दरवर्षी तीन परीक्षानळ्या आणि तीन खिळे घेऊन दाखवत असे. ताज्या पाण्यात हवा विरघळलेली असते. ती लोखंडाला गंज आणते. पाणी तेच राहिलं तर हवा संपते आणि गंज थांबतो. शिवाय गंज येऊ नये म्हणून त्या पाण्यात एक द्रव्य घातलेलं असतं, ते पहिल्याच दिवाळीला आमच्या गुलाबांना गेलं होतं. हे मी आजोबांना सांगितलं. पुढच्या वर्षी पुन्हा सांगितलं.

"अगं, पण पाणी बघ ना किती घाण निघतंय," ते म्हणाले. "बदललं नसतं तर काय झालं असतं?"

दरवर्षी पाणी आणखी काळं निघे, आणि दरवर्षी ते बदलणं आणखी गरजेचं ठरे. या युक्तिवादाला परीक्षानळीत उत्तर नाही. एक गोष्ट तिसऱ्यांदा सांगायची नाही हा माझा नियम आहे. मी सांगितली नाही. गंज गाळासारखा खाली बसत गेला आणि शेवटच्या, बॉयलरपासून सर्वांत लांबच्या रेडिएटरमध्ये सर्वांत जास्त बसला. शेवटचा रेडिएटर मागच्या खोलीतला.

जानेवारी लागल्यावर आजोबांनी हीटिंगवाल्याला बोलावलं. वॉटफर्डचा एक गृहस्थ आला, उंच, गुबगुबीत, अखंड बोलणारा. त्याला प्रत्येक गोष्ट 'लव्हली' वाटत असे. चहा लव्हली, जिना लव्हली, आमच्या रेडिएटरच्या तळाशी हात लावून तो बर्फासारखा आहे हेही लव्हली. त्याने सांगितलं की पॉवर फ्लश करावा लागेल. म्हणजे एक यंत्र पाइपांना जोडायचं, त्याच्या टाकीत औषध घालायचं आणि पाणी जोराने आतून फिरवायचं, आधी या दिशेने, मग त्या दिशेने, म्हणजे बसलेला गाळ सुटतो. पणजी दारात उभ्या राहून बघत होत्या.

"पोट साफ करायचं आहे," त्या मला म्हणाल्या. "मग एरंडेलच म्हणा की."

ठरल्या दिवशी तो सकाळीच यंत्र घेऊन आला. ते स्वयंपाकघरात बसवलं. आकाराने आपल्या दळणाच्या डब्याएवढं, वर उघडणारं झाकण, चार जाड नळ्या. त्यातली घाण पाण्याची नळी त्याने मागच्या दारातून बाहेरच्या गटाराच्या जाळीवर नेली. ती जाळी पणजींच्या खिडकीखाली आहे. त्यांनी खुर्ची खिडकीशी ओढून घेतली आणि चष्मा पुसला.

यंत्र सुरू झाल्यावर घर मिक्सरसारखं थरथरू लागलं. तो गृहस्थ एकेका खोलीत जाऊन रबराच्या हातोड्याने रेडिएटर बडवत होता आणि गाणं म्हणत होता. मग त्याने बाहेरची नळी सोडली. पाणी शाईसारखं काळं आलं. काळं, दाट, आणि येतच राहिलं. आजोबा मागच्या दारात हात मागे बांधून उभे होते. पणजींनी खिडकी उघडली.

"अरे, हे आपल्या घरातलं?"

"हो आई."

"आणि यात मी तीन महिने शेकत बसले होते?"

"शेकत कुठे होतीस, तू गारठत होतीस," आजोबा म्हणाले. त्या दिवसात त्यांनी केलेला तो एकमेव विनोद.

दुपारपर्यंत पाणी काळ्याचं तपकिरी, तपकिरीचं पिवळं आणि पिवळ्याचं स्वच्छ झालं. मागच्या खोलीतला रेडिएटर वरून खालपर्यंत तापला. पणजींनी त्यावर उलटा हात ठेवला, मग सुलटा ठेवला, आणि परकर आणून टाकला. आजोबांच्या चेहऱ्यावर दिवाळी होती. नेमक्या त्याच वेळी हीटिंगवाला दारात येऊन म्हणाला, त्याचं इंग्रजी मी मराठीत देते, "एक सांगा, या सिस्टिमचं पाणी कोण काढत असतं सारखं? असं कोणीतरी करतंय. नवं पाणी म्हणजे नवा गंज. हवा लोखंड खाते." थांबून तो म्हणाला, "की लोखंड हवा खातं. दोन्हीपैकी एक. आता मी गंज थांबवणारं शेवटचं औषध घालतो, पण यापुढे हे पाणी काढायचं नाही. नेव्हर. जुनं तेवढं लव्हली."

आजोबा माझ्याकडे बघू लागले. पणजी आजोबांकडे बघू लागल्या.

"काय म्हणतोय तो?"

"पाणी खराब झालं होतं म्हणतोय."

"ते मला दिसलं. आणखी काय? एवढा वेळ तो तेवढंच बोलत नव्हता."

आजोबांनी मला डोळ्यांनी खूण केली. त्यांची अडचण मला कळत होती, आणि तुम्हालाही कळायला हवी, कारण सगळी गोष्ट तिच्यावर आहे. पणजी राहायच्या तर खोली गरम हवी. खोली गरम राहायची तर पाणी बदलायचं नाही. आणि शिळ्या पाण्याच्या घरात पणजी राहायच्या नाहीत. शिवाय त्यांची खोली त्यांच्याच सांगण्याने गार पडली हे त्यांना कळलं असतं, तर एका शब्दाने तक्रार न करता त्या निघून गेल्या असत्या. तक्रार करणारी माणसं राहतात.

पण खोटं सांगितलं असतं तर पुढच्या दिवाळीला त्या स्वतः तोटीपाशी उभ्या राहिल्या असत्या. मी निम्मं खरं सांगितलं.

"आई, तो म्हणतो, हे पाणी आता बदलायचं नाही."

"किती दिवस?"

"कधीच नाही."

पणजींनी रेडिएटरवरचा परकर उलटून टाकला. यंत्र तेवढं घरघरत होतं.

"औषध घालणार आहे तो त्यात," आजोबा घाईने म्हणाले. "त्यामुळे शिळं होत नाही, आई."

"औषधावर तारीख असते," पणजी म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांच्या थेंबांवरही आहे."

एवढं बोलून त्यांनी आम्हा सगळ्यांना खोलीबाहेर घालवलं आणि दार लोटून घेतलं. आम्ही स्वयंपाकघरात येऊन उभे राहिलो. मग आतून बॅगेच्या कड्या उघडल्याचा आवाज आला. एक, मग दुसरी. आजोबा खुर्चीवर बसले. हीटिंगवाल्याने त्यांना विचारलं, सगळं ठीक आहे ना. आजोबा म्हणाले, "लव्हली." तो शब्द त्यांनी आधी कधी वापरलेला मी ऐकला नव्हता.

दार उघडलं. पणजी आल्या त्या हातात एक पातळ गुंडाळून घेऊन. ते त्यांनी टेबलावर उलगडलं. आत गंगेचा गडू होता. तुम्ही तो पाहिलेला नाही. तांब्याचा, मुठीएवढा, गंगेचं पाणी भरून तोंड धातू वितळवून कायमचं बंद केलेलं. पणजी आणि पणजोबा काशीला गेले होते तेव्हा आणलेला. असा गडू देवांजवळ ठेवतात आणि माणूस जायच्या वेळी फोडतात. त्यातलं पाणी शेवटचं तोंडात घालतात. पणजोबांचा त्यांच्या वेळी फोडला होता. हा पणजींचा होता. त्या तो पुण्याहून बरोबर घेऊन आल्या होत्या आणि देवांजवळ मांडला नव्हता, बॅगेतच ठेवला होता.

"उघडायला सांग त्याला," त्या आजोबांना म्हणाल्या.

"आई, हा तर तुझा..."

"माझाच आहे. म्हणूनच सांगते आहे. गंगेचं पाणी शिळं होत नाही, हे तरी शिकवलं होतं ना तुला? घाल त्या यंत्रात. एकदा ते आत गेलं की काढून गटारात सोडायचा प्रश्नच नाही. पाप लागेल."

आजोबा गडूकडेच बघत राहिले, म्हणून मीच त्या गृहस्थाला सांगितलं की आमच्या सासूबाईंना पाण्यात थोडं पाणी घालायचं आहे. त्याने विचारलं, कसलं. मी म्हटलं, होली वॉटर. त्याने गडू हातात घेऊन फिरवून पाहिला, जोड चांगला आहे म्हणाला, आणि आपल्या छोट्या ज्योतीने तोंडावरचा धातू मऊ करून झाकण उचललं. मग वाकून पणजींना म्हणाला, "देअर यू गो, डार्लिंग."

"काय म्हणाला?" पणजींनी विचारलं.

"घाला म्हणाला," मी म्हटलं.

पणजींनी गडू स्वतःच्या हाताने यंत्राच्या उघड्या टाकीत ओतला. बारीक धार धरली होती आणि ओठ हलत होते. हीटिंगवाला औषधाची बाटली हातात धरून शांत उभा होता. त्या दिवसात तो एवढा एकच वेळ शांत होता. सगळं ओतायच्या आत पणजींनी हात आवरला.

"थोडं राहू दे. त्या वेळी फार लागत नाही. चमचाभर पुरतं."

उरलेलं पाणी मी धुतलेल्या औषधाच्या बाटलीत भरून त्यांच्या देवांजवळ ठेवलं. त्या गृहस्थाने आपली बाटली रिकामी केली, सगळं पाणी पुन्हा एकदा घरभर फिरवलं, नळ्या सोडल्या आणि तो गेला.

संध्याकाळी मी चहा घेऊन मागच्या खोलीत गेले. पणजींनी माकडटोपी काढली होती. परकराची घडी मांडीवर होती.

"अगं," त्या म्हणाल्या, "तू रसायनवाली. तुला माहीत होतं ना हे पाण्याचं?"

"दोनदा सांगितलं होतं त्यांना."

"आणि त्याने ऐकलं नाही."

"नाही."

पणजींनी चहाचा एक घोट घेतला.

"लहानपणापासून माझं एक ऐकलं नाही या मुलाने. दूध पी, अभ्यास कर, केस काप. आणि ऐकलं ते हे."

मी परकराची घडी उचलून कपाटात ठेवली. आजोबांना हे मी सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलं नाही.

तिकिटाची तारीख आली आणि गेली. त्या दिवशी पणजींनी सकाळीच बॅग आतून पुसून घेतली, तिच्यात उन्हाळ्याची पातळं भरली आणि आजोबांना ती माळ्यावर ठेवायला सांगितली. आजोबा माळ्यावर बराच वेळ होते. पुढच्या दिवाळीला त्यांनी नळीला हात लावला नाही. पणजींनी साफसफाईचं सगळं विचारलं, पडदे, दिवे, फ्रिजच्या मागचं. रेडिएटरचं विचारलं नाही.

त्या आणखी चार हिवाळे राहिल्या आणि त्याच खोलीत गेल्या. बाटलीतलं पाणी आजोबांनी त्यांना दिलं. पुरलं. आजोबांच्या वेळी माझ्याकडे गंगेचं नव्हतं, नळाचं दिलं. ते ताजं होतं.

मागच्या खोलीत आता मी झोपते. सिस्टिममध्ये कधी पाणी कमी झालं तर वरून थोडं भरतं, पण काढून टाकलेलं कधी नाही. तिथला रेडिएटर वरून खालपर्यंत तापतो. आज तरी पाणी तेच आहे.